यॉर्कशायरमध्ये पाणघोडा आला कुठून? विल्यम बकलंडची गोष्ट

रात्री सर्व्हर बंद पडला की सकाळी आम्ही लॉग वाचत बसतो. बिघाड होताना कोणी पाहिलेलं नसतं. उरलेल्या खुणांवरून सगळं शोधायचं. विल्यम बकलंड (१७८४–१८५६) हेच काम हाडांवर करायचा, म्हणून तो मला आमच्यातलाच वाटतो.

१८२१ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, कर्कडेलच्या दगडखाणीत कामगारांना एक गुहा लागली. आतली हाडं गुरांची समजून त्यांनी रस्त्याच्या खड्ड्यांत टाकली. ऑक्सफर्डला भूशास्त्र शिकवणारा बकलंड डिसेंबरात तिथे पोचला, तर हाडं हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि ढीगभर तरसांची! सोपं उत्तर तयार होतं: बायबलमधल्या महापुरात हे प्राणी उष्ण देशांतून वाहत आले. बकलंड स्वतः पाद्री, महापूर मानणारा. पण गुहेचं तोंड इतकं लहान की त्यातून अख्खा हत्ती आत जाणं शक्यच नव्हतं. शिवाय हाडं कुरतडलेली.

मग त्याने चक्क टेस्टिंग केलं. फिरत्या प्राणिसंग्रहातल्या जिवंत तरसाला बैलाचं हाड दिलं. दातांच्या खुणा आणि न खाता उरलेले तुकडे, दोन्ही गुहेतल्यासारखेच निघाले. गुहेतले पांढरे गोळे तरस सांभाळणाऱ्या माणसाला दाखवले. ती तरसाची विष्ठा आहे हे त्याने लगेच ओळखलं. म्हणजे तरसं त्या गुहेतच राहत होती आणि खाणं आसपासचंच ओढून आणत होती. पाणघोडा वाहून आलेला नव्हता, तिथलाच होता. या कामासाठी १८२२ मध्ये बकलंडला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं.

गुहेतल्या चिखलाचं श्रेय मात्र त्याने महापुरालाच दिलं, आणि १८२३ मध्ये तसं पुस्तकही छापलं. पुढे तेही सोडलं. १८४० मध्ये लुई अगासीबरोबर स्कॉटलंड फिरल्यावर, पुराच्या म्हणून सांगितलेल्या बऱ्याच खुणा हिमनद्यांच्या आहेत हे त्याने मान्य केलं. स्वतःच्या छापील पुस्तकाविरुद्ध, तेही पाद्र्याने! कोड रिव्ह्यूत एक ओळ मागे घेताना आपल्या जिवावर येतं.

कर्कडेलचे हे प्राणी आता सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वीचे, दोन हिमयुगांमधल्या उबदार काळातले मानले जातात. थंडीत नद्या गोठून गेल्या तर पाणघोडा टिकत नाही, त्यामुळे त्याचं हाड म्हणजे जवळजवळ थर्मामीटरच. वनस्पतींची साक्षही जुळते. त्याच काळातला गाळ लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाखाली आहे. त्यात पाणघोड्याच्या हाडांसोबत शिंगाडाही सापडला. हो, आपल्या उपवासाच्या शिंगाड्याचाच भाऊबंद.