अभ्यास हीच उपासना

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की शारदा सदन, विधवांचे शिक्षण आणि दुष्काळातून वाचविलेल्या मुली यांचे स्मरण होते. मात्र आयुष्याची अखेरची अनेक वर्षे केडगाव येथे त्यांनी एका वेगळ्याच कामाला वाहिली होती. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्या संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. हजारो निराधार स्त्रियांचा संसार चालविणाऱ्या बाईने उतारवयात परक्या भाषांची व्याकरणे अभ्यासावीत, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु रमाबाईंचे चरित्र सुरुवातीपासून पाहिले, तर त्यांच्या लेखी अभ्यास आणि उपासना या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच, हे ध्यानात येते.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, ती विद्या मुलीला दिली. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबात पाठांतर हेच पुण्य होते आणि तेच उपजीविकेचे साधन. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे थोरली बहीणही गेली. भाऊ श्रीनिवासासह पायी देश तुडवीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

याच विद्येने त्यांची श्रद्धा हलविली. कलकत्त्यात धर्मशास्त्रांचे बारकाईने वाचन करताना स्त्रिया व शूद्र यांच्याविषयीचे विधान त्यांना अस्वस्थ करू लागले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. सिल्चरच्या घरी ग्रंथसंग्रहात त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमान सापडले. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी येथेच लागली. नवदीक्षितेने नम्रपणे शिकावे आणि चर्चची शिकवण मान्य करावी, अशी आश्रमाची अपेक्षा होती. रमाबाई मात्र बायबल स्वतः वाचत होत्या आणि प्रश्न विचारीत होत्या. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार यांवर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. त्या भगिनींना यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणे ही देवाने दिलेल्या विवेकाशी प्रतारणा होती. ज्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत होत्या, त्या चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांचा अधिक समजुतीने विचार केला.

या चिकित्सेची मर्यादाही पुढे रमाबाईंना जाणवली. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी कबूल केले, की आपण आधी ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला; प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनंतर गवसला. हा अनुभव आल्यावर एखादीने ग्रंथ मिटून केवळ प्रार्थनेचा मार्ग धरला असता. रमाबाईंचा अभ्यास उलट अधिक खोल गेला. पूर्वी त्या सत्य पारखण्यासाठी वाचीत होत्या. आता ते इतरांपर्यंत निर्दोष पोहोचावे म्हणून वाचू लागल्या.

त्यासाठी निमित्त झाले ते केडगावच्या स्त्रियांचे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या आणि पुढे ‘मुक्ती’मध्ये वाढलेल्या मुलींना अक्षरओळख झाली, तरी प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना जड जाई. शिवाय त्यातील कित्येक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे व कर्मकांडाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून मुळापर्यंत जाऊन साध्या बोलीत नवे भाषांतर करण्याचे त्यांनी ठरविले. ज्या संस्कृतने त्यांना पंडिता केले, तिचाच मोह त्यांनी खेडवळ वाचकिणीसाठी सोडला. पांडित्याचा एवढा कठोर त्याग क्वचितच आढळतो. बहिरेपणामुळे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षणाची इच्छा त्यांना सोडावी लागली होती. ग्रंथांच्या या एकांतात मात्र तो आड आला नाही.

हे काम एकटीच्या खोलीत राहिले नाही. ‘मुक्ती’च्या छापखान्यात तेथील स्त्रियाच खिळे जुळवीत, छपाई करीत आणि पुस्तके बांधीत. ज्यांना अक्षराचा अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्या हातांनी धर्मग्रंथ घडत होता.

१९२१ साली मनोरमेचा अकाली मृत्यू झाला. संस्थेची सूत्रे जिच्या हाती द्यायची, तीच गेली. तरीही रमाबाईंनी काम थांबविले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर आला.

मराठी चर्चमध्ये हे भाषांतर सर्वमान्य झाले नाही. तेथे बायबल सोसायटीचीच आवृत्ती रुळली. यशाच्या हिशेबात रमाबाईंचा हा प्रयत्न कदाचित उणा भरेल. परंतु प्रश्न विचारल्याने श्रद्धा डळमळते, असे मानणाऱ्यांना आणि श्रद्धा आली की विचार संपतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे आयुष्य सारखेच उत्तर देते. गंगामूळच्या अरण्यात आईपुढे बसून सुरू झालेला त्यांचा पाठ केडगावच्या छापखान्यापर्यंत अखंड चालला; ग्रंथ बदलले, पण अभ्यासाची निष्ठा बदलली नाही.