खडे तोंडात धरणारा डिमॉस्थेनिस

गेल्या वर्षी वसतिगृहाच्या पाण्यासाठी आम्ही मुलांनी सभा घेतली, तेव्हा मलाही बोलायला उभे केले. मी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणालो आणि मागच्या रांगेत हसू फुटले. आमच्या घरी सारे तसेच म्हणतात. पुढचे मुद्दे कुणी ऐकले नाहीत. खरे सांगायचे तर मलाही ते आठवले नाहीत. त्यानंतर ग्रंथालयात डिमॉस्थेनिसचे चरित्र हाती लागले.

इ. स. पू. ३८४ मध्ये अथेन्सजवळ त्याचा जन्म झाला. बापाचा शस्त्रे बनवण्याचा कारखाना होता, पण मुलगा सात वर्षांचा असतानाच बाप वारला आणि तिघा पालकांनी इस्टेट गिळंकृत केली. अथेन्सच्या न्यायालयात फिर्यादीने स्वतःच बोलायचे असे. विशीच्या सुमारास हा पोर उभा राहिला आणि खटला जिंकला. पैसा मात्र थोडाच परत मिळाला. मग पोटासाठी तो इतरांची भाषणे लिहून देऊ लागला.

लोकसभेत तो पहिल्यांदा बोलला तेव्हा लोक हसले. वाक्ये गुंतागुंतीची, आवाज बारीक, दम अपुरा. त्याला ‘र’ नीट म्हणता येत नसे, आणि ग्रीक भाषेत वक्तृत्वकलेचे नावच त्या अक्षराने सुरू होते! तोंडात खडे धरून बोलणे, चढणीवर धावत पाठ म्हणणे, बाहेर जाण्याची लाज वाटावी म्हणून अर्धे डोके भादरून तळघरात बसणे, या गोष्टी प्लुटार्कने सांगितल्या आहेत. प्लुटार्क त्याच्यानंतर चार शतकांनी झाला, तेव्हा खड्यांची कथा ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे घ्यावी. मला ती खरी वाटते, किंवा वाटावीशी वाटते.

अलंकार म्हणजे भाषणाला लावायची तोरणे, अशी आपल्याकडच्या वक्त्यांची समजूत दिसते. इ. स. पू. ३५१ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध बोलताना डिमॉस्थेनिसने अथेन्सकरांना अडाणी मुष्टियोद्ध्याची उपमा दिली. ठोसा जिथे बसतो तिथे त्याचा हात जातो. पुढचा ठोसा अडवणे त्याला सुचत नाही. फिलिप मेला की आजारी पडला, अशा बाजारगप्पांवर त्याने स्वतःच प्रश्न केला आणि स्वतःच उत्तर दिले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दहा वेगवान जहाजे, दोन हजार पायदळ, दोनशे घोडेस्वार आणि नव्वद टॅलंटहून थोडा अधिक खर्च, असा हिशेबही त्याने मांडला. आमच्या सभेत उपमा पुष्कळ होत्या. टाकीत पाणी किती आणि मुले किती, हे मात्र एकानेही सांगितले नाही. मीही नाही.

इ. स. पू. ३३९ मध्ये एका संध्याकाळी फिलिपने एलातेया घेतल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी दवंडीवाल्याने पुन्हा पुन्हा विचारले, कोण बोलणार? सेनापती गप्प, पुढारी गप्प. उठला तो डिमॉस्थेनिस. जुने वैर विसरून थीब्जशी युती करा, असे त्याने सांगितले. पुढे हा प्रसंग वर्णन करताना त्याने पायऱ्या चढत जाणारी रचना वापरली: नुसते बोललो नाही, तर ठराव मांडला, ठराव मांडून थांबलो नाही, तर वकिलातीवर गेलो. आपल्या एकावली अलंकाराशी तिचे नाते आहे, असे आमचे सर म्हणाले.

युती झाली, पण इ. स. पू. ३३८ मध्ये कायरोनियाला दारुण पराभव झाला. तो स्वतः रणातून पळाला, असे विरोधक हिणवत. तरीही त्याला सुवर्णमुकुट द्यावा असा ठराव आला. त्यावरचा खटला ३३० मध्ये चालला. विरोधात एस्किनीस होता, पूर्वीचा नट, आवाजाने भारदस्त. डिमॉस्थेनिसने पराभव लपवला नाही. मॅरॅथॉनला पडलेल्या पूर्वजांची शपथ घेऊन, लढलो ते चुकलो नाही, असे सांगितले. एस्किनीसला पाचव्या हिश्श्याइतकीही मते पडली नाहीत. तो अथेन्स सोडून गेला.

पुढे हार्पालसच्या पैशाच्या प्रकरणात तो दोषी ठरला, पन्नास टॅलंट दंड झाला, तुरुंगातून पळाला. चरित्रातले हे पान मला आवडले नाही, पण ते आहे. अलेक्झांडर वारल्यावर त्याला मानाने परत बोलावले. वर्षभरातच अथेन्स पुन्हा हरले. इ. स. पू. ३२२ मध्ये शिपाई मागावर असताना त्याने कालाउरिया बेटावर पोसायडनच्या देवळाचा आसरा घेतला. घरी पत्र लिहितो असे सांगून त्याने लेखणी तोंडात धरली. विष त्या लेखणीतच होते, असे सांगतात.