दुरुस्तीच्या दुकानातून कारखान्याकडे

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वळते. भांडवल, परदेशी यंत्रे आणि मोठी बाजारपेठ यांच्या संयोगातून उद्योग जन्माला येतो, हा समज त्या उदाहरणाने दृढ केला आहे. परंतु ज्या उद्योगाने येथील शेतकऱ्याच्या हाती स्वदेशी लोखंडी नांगर दिला, त्याचा उगम बेळगावातील सायकलच्या एका लहानशा दुकानात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपल्याला परिचित आहे. मात्र या चरित्रात दुरुस्तीच्या कामाला जे स्थान आहे, त्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावयाचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांना रंगांचा नाद सोडावा लागला. रेषेवरची पकड मात्र कायम होती. ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत यंत्रांशी त्यांचा परिचय वाढला, आणि मुंबईच्या रस्त्यावर नव्याने दिसू लागलेल्या सायकलीने त्यांचे मन वेधले.

त्या काळी सायकल ही विलायतेहून येणारी महागडी वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा व्यवहार सुरू झाला. किर्लोस्कर बंधूंचा उद्योग आपला आरंभ १८८८ पासून मोजतो तो या दुकानामुळे. पुढे संस्थेतील बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. सायकली विकणे, गिऱ्हाइकाला चालवावयास शिकवणे आणि बिघडलेली सायकल पुन्हा रस्त्यावर आणणे, हा त्यांचा व्यवसाय झाला.

यांतील तिसरे काम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष बारकाईने पाहावयास हवे. विक्रेत्याला वस्तूची किंमत कळते. दुरुस्ती करणाऱ्याला तिची रचना कळते. सायकल हे यंत्र असे आहे की त्याचा प्रत्येक भाग उघड्यावर असतो. चाक फिरते ते छर्‍यांवर, बळ पोहोचते ते साखळीतून, आणि सारा भार तोलला जातो तो आऱ्यांच्या ताणावर. ती खोलणारा मनुष्य नकळत यंत्रशास्त्राचे पाठ गिरवीत असतो.

त्यातही अडून बसलेला भाग हा सर्वांत कठोर शिक्षक होय. भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, पासलीसारख्या मुसळधार पावसाच्या गावी, पडवीत टेकवून ठेवलेली सायकल दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढावी, म्हणजे याची प्रचीती येते. पेडल पान्याला दाद देत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे एकमेकांत घट्ट रुततात. येथे निव्वळ बळ कामाचे नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसणारा जितका जोर लावील तितके ते अधिक आवळले जाते. सांध्यात तेल सोडून रात्रभर थांबावे लागते. प्रसंगी बाहेरच्या भागाला ऊब देऊन तो किंचित प्रसरण पावू द्यावा लागतो. कॉटर पिन काढावयाची तर तिच्या टोकाशी नट ठेवून आटे वाचवावे लागतात आणि क्रँकला खालून भक्कम आधार द्यावा लागतो. मग भीत भीत मारलेल्या दहा ठोक्यांनी पिनचे डोके चेपते, ती निघते एका नेमक्या घावाने. धातूचा स्वभाव, संयम आणि कारणपरंपरेचा विचार, एवढे सारे या एका पिनमध्ये सामावलेले असते.

लक्ष्मणराव या विद्येवर थांबले नाहीत. अमेरिकी तांत्रिक मासिकांचे वाचन त्यांनी चालू ठेवले आणि दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना उभारला. तेथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. योगायोग असा की, अमेरिकेत डेटन येथे सायकलींचे दुकान चालविणाऱ्या राइट बंधूंनी त्याच वर्षी विमान उडविले. जपानमध्ये साकाई शहरातील बंदुका घडविणारे कारागीर सायकलींच्या दुरुस्तीकडे व सुट्या भागांकडे वळले. त्याच शहरात १९२१ साली शिमानो या उद्योगाचा आरंभ फ्री-व्हीलच्या निर्मितीने झाला. तिन्ही ठिकाणी सायकल ही यंत्रविद्येची प्राथमिक शाळा ठरली.

तथापि केवळ कौशल्याने उद्योग उभा राहतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. त्या वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडलजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची आयात आटली तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले जाई. जो भाग इतरांनी निकामी म्हणून टाकला तो पुन्हा चालता करावयाचा, ही दुरुस्तीवाल्याची दृष्टी येथे माणसांनाही लागू झाली, असे म्हणावेसे वाटते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा दुकानाचा उद्योगसमूह झाला होता.

या चरित्राचा निष्कर्ष दुहेरी आहे. दुरुस्तीतून कौशल्य येते. पण त्याचे उत्पादनात रूपांतर होण्यास पतपुरवठा आणि धीर धरणारा पाठीराखा लागतो. गावोगावच्या सायकल दुकानांत लक्ष्मणरावांच्या तोडीचे हात असतीलही. प्रत्येकाला औंध लाभले नाही. अशा कारागिराला जागा आणि स्वस्त कर्ज मिळवून देणे हे आता राजेरजवाड्यांचे नव्हे, सहकारी पतसंस्थांचे, बँकांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.

दुसरा धोका अधिक नवा आहे. पूर्वी वस्तू खोलता येत असे. आज अनेक वस्तू न खोलण्यासाठीच बनविल्या जातात. बॅटरी चिकटवलेली, स्क्रू निराळ्याच डोक्याचे, सुटे भाग बाजारात नाहीत. केंद्र शासनाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही उघडले, हे स्वागतार्ह आहे. परंतु या प्रश्नाकडे केवळ ग्राहकाच्या चार पैशांच्या बचतीचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे होय. जी वस्तू उघडता येत नाही ती शिकवीतही नाही. असे बंद खोके वापरणारा समाज निष्णात ग्राहक होईल. उत्पादक होईलच असे नाही.

शाळेत कार्यानुभवाचा तास असतो आणि तो बहुधा कागदी फुलांत खर्ची पडतो. त्या तासाला प्रत्येक शाळेत एक जुनी सायकल, दोन पाने, एक हातोडी आणि तेलाची कुपी एवढीच सामग्री द्यावी. मुलामुलींनी ती पूर्ण खोलावी आणि पुन्हा जोडावी. याला खर्च नगण्य आहे. त्यांतून किती कारखानदार निघतील हे सांगता येणार नाही. पण वस्तू अडली की ती फेकण्याऐवजी ती का अडली असे विचारणारी पिढी निघेल. बेळगावच्या दुकानातही आरंभी याहून फार मोठे भांडवल नव्हते.