आतड्यातील जंतूंचा पहिला फिर्यादी : इल्या मेच्निकोव्ह

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात एक रक्षापात्र जतन करून ठेवले आहे. त्यातील रक्षा इल्या इलिच मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाची. मुंबईकरांना परळच्या हाफकिन संस्थेचे नाव परिचित असते. पण ज्यांच्या नावाने ती संस्था उभी आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांचे हे गुरू होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. माणसाच्या मोठ्या आतड्यात वस्ती करून राहिलेले असंख्य जंतू त्याच्या आरोग्याचे भवितव्य ठरवतात, हा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आग्रहाने मांडणारा हा माणूस. आतड्याच्या कर्करोगाच्या संशोधनात आज तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आहे.

मेच्निकोव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. वडील झारच्या सैन्यातील अधिकारी, आई ज्यू वंशाच्या घराण्यातील. निसर्गाचे वेड लहानपणापासूनच होते. खारकोव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि पंचविशीच्या आसपास ते ओडेसा येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बुद्धी तेजस्वी असली तरी मन मात्र अतिशय हळवे होते. १८६९ साली ल्युडमिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा क्षयाने खंगलेल्या वधूला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले होते. पत्नीला वाचवण्यासाठी चार वर्षे त्यांनी जिवाचे रान केले. १८७३ साली मदेरा बेटावर तिने प्राण सोडला, तेव्हा या दुःखाने खचून त्यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. १८७५ साली त्यांनी ओल्गा यांच्याशी दुसरा विवाह केला. पुढे ओल्गा यांना विषमज्वराने गाठले, तेव्हा पुन्हा खचलेल्या मेच्निकोव्ह यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यातूनही ते उठले. मृत्यूला इतक्या जवळून पाहिलेल्या या माणसाने उरलेले आयुष्य जगणे कसे लांबवता येईल, याच्या शोधात घालवले.

१८८१ साली झारची हत्या झाली. त्यानंतरच्या राजकीय दडपणाला कंटाळून त्यांनी ओडेसा विद्यापीठ सोडले आणि कुटुंबासह सिसिलीतील मेसिना गाठले. १८८२च्या अखेरीस एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. मेच्निकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक अळीतील फिरत्या पेशी न्याहाळत होते. या पेशी बाहेरून शिरलेल्या शत्रूशी लढत असतील का, असा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून अळीच्या त्वचेखाली टोचले. रात्र बेचैनीत गेली. सकाळी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्यांना चहूबाजूंनी वेढा घातलेला. शरीराची रोगप्रतिकारशक्ती म्हणजे परक्याला गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशींचे सैन्य, हा सिद्धान्त त्या सकाळी जन्मला. याच कार्यासाठी १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात ओडेसात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा चालवताना, वैद्यकीय पदवी नाही म्हणून स्थानिक डॉक्टरांनी त्यांना सळो की पळो करून सोडले. १८८८ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये त्यांना प्रयोगशाळा दिली. हाफकिनही गुरूंच्या मदतीने तेथे पोहोचले. पुढे १८९७च्या जानेवारीत मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना याच शिष्याने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हा इतिहास आहे.

उतारवयात मेच्निकोव्ह यांचे लक्ष आतड्याकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जंतू विषारी द्रव्ये तयार करतात, ती रक्तात मिसळतात आणि शरीर अकाली जीर्ण होते, असे त्यांचे मत बनले. आखूड आतड्याचे पक्षी दीर्घायुषी असतात, हा दाखला ते देत. १९०४ साली पॅरिसमधील व्याख्यानात त्यांनी बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या आंबट दुधाचा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने त्या दह्यातील जंतू वेगळा केला. मेच्निकोव्ह स्वतः रोज आंबवलेले दूध घेत आणि कच्चे अन्न कटाक्षाने टाळत. आपल्याकडे घरोघरी विरजण लागते, त्या दह्याला युरोपात एकाएकी औषधाचा मान मिळाला.

या विचाराला काळी बाजूही होती. मोठे आतडे म्हणजे निरुपयोगी घाण, अशी समजूत बळावली आणि लंडनचे प्रख्यात शल्यविशारद सर आर्बथनॉट लेन यांनी साध्या बद्धकोष्ठासाठीही रुग्णांचे मोठे आतडे कापून काढले. त्यात काहींचे प्राण गेले. अपुऱ्या पुराव्यावर उभ्या राहिलेल्या सिद्धान्ताची किंमत रुग्णांनी मोजली. पुढे १९२०च्या दशकात बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात टिकाव धरत नाही, हे प्रयोगांनी दाखवून दिले आणि मेच्निकोव्ह यांचे आतड्याविषयीचे विचार अडगळीत पडले.

तरीही त्यांचा प्रश्न संपला नव्हता. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब, मोठे जेमतेम दीड मीटर. पण कर्करोग होतो तो प्रामुख्याने मोठ्या आतड्याला. जंतूंची दाट वस्तीही तिथेच. २००६ साली फ्रेंच संशोधकांना काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करते, असे आढळले. तोंडात राहणारा फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू आतड्याच्या गाठींत मोठ्या संख्येने सापडल्याचे २०११ साली जाहीर झाले. २०२० साली डच शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर कोलिबॅक्टिनच्या खुणा ओळखल्या. २०२५ साली ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा सत्तरीपुढील रुग्णांच्या तुलनेत चाळिशीच्या आतील रुग्णांत या खुणा ३.३ पट अधिक आढळल्या. हा आघात बालपणीच होत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. जंतू हे एकमेव कारण नव्हे. आहार, आनुवंशिकता, वय यांचाही वाटा असतोच. शिवाय सारेच जंतू वैरी नसतात. तंतुमय अन्नापासून काही जंतू ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराचे पोषण त्यावरच होते. दही हा कर्करोगावरचा उपाय नाही, हेही तितकेच खरे.

पहिल्या महायुद्धाने मेच्निकोव्ह यांची प्रयोगशाळा ओस पडली, तरुण सहकारी आघाडीवर गेले. हृदयविकाराने जर्जर झालेल्या या शास्त्रज्ञाने जुलै १९१६ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये अखेरचा श्वास घेतला. दीर्घायुष्याचा हा पुरस्कर्ता शतायुषी झाला नाही. मात्र मृत्यूपूर्वी त्यांनी सहकारी डॉ. सालिंबेनी यांना एक काम सांगून ठेवले होते : शवविच्छेदन करताना आपले आतडे नीट तपासावे. आपला सिद्धान्त खरा की खोटा, याची परीक्षा स्वतःच्या देहावर व्हावी, एवढीच त्यांची अखेरची इच्छा होती.