किर्लोसचे की होसूरचे?

गेल्या वर्षी वर्गातल्या एका कानडी मित्राने मला सहज विचारले, की तुझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, म्हणजे तुमचे गाव दुसरीकडे. मग तुम्ही बेळगावचे कसे? मला उत्तर सुचले नाही. आमचे कुलदैवत कोकणात, पण पणजोबांच्या दुकानाच्या वह्या कानडीत. आजीला मूळ गावाचे नाव तेवढे ठाऊक. ते गाव तिने कधी पाहिलेले नाही. हा प्रश्न डोक्यात असतानाच मला अण्णासाहेब किर्लोस्कर नव्याने भेटले.

संगीत नाटकाचे जनक म्हणून त्यांना सारेच ओळखतात. त्यांचे आडनाव आले ते किर्लोस या गावावरून. हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात आहे. पण खुद्द किर्लोसमध्ये कुणाला किर्लोस्कर म्हणण्याची गरजच काय? गाव सोडले की मगच गावाचे नाव माणसाला चिकटते. घराणे घाट चढून आले आणि सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरला स्थिरावले. तिथे ३१ मार्च १८४३ रोजी बळवंत पांडुरंग, म्हणजे आपले अण्णासाहेब जन्मले. कानडीत होसूर म्हणजे नवे गाव! आडनावात जुने गाव आणि जन्म नव्या गावात. आडनावे त्या पिढीत नव्याने पडली असती तर आज आपण होसूरकरांची नाटके पाहिली असती.

लहानपणी ते मराठी आणि कानडी दोन्ही शिकले. पुढे बेळगावात शिक्षक झाले. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे इथलेच विद्यार्थी. नंतर त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी धरली, पण नाटकाचा नाद सुटला नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि १८८२ साली 'सौभद्र' आले. त्यांतल्या कित्येक पदांना त्यांनी कानडी चाली लावल्या. मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. पुण्याच्या रसिकांनी ज्या पदांवर माना डोलावल्या, त्यांतली काहींची चाल आपल्या मुलखातली होती. कानडी ही त्यांना शेजाऱ्याची भाषा नव्हती, घरचीच होती. (त्यांच्या मंडळीत वाघोलीकर, नाटेकर, कोल्हटकर अशी नटांची नावे होती. जाहिरात वाचणाऱ्याला ती गावांची यादीच वाटली असेल!)

आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांना जवळचे ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. तेही १८६९ साली गुर्लहोसूरलाच जन्मले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्याची वसाहत उभारली. तिचे नाव पडले किर्लोस्करवाडी. गावावरून आडनाव आले होते, आता आडनावावरून गाव झाले.

'रामराज्यवियोग' अपुरे टाकून अण्णासाहेब आजारी पडले. शेवटी ते पुण्यात राहिले नाहीत, किर्लोसला तर गेलेच नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरलाच त्यांचा अंत झाला. वय अवघे ४२.

हे सगळे मी त्या मित्राला सांगितले. होसूर शब्दावर तो हसला. त्याच्या आईचे माहेरही होसूरच आहे म्हणे, पण ते दुसरे.