रघूजी भोसल्यांचे पूर्ववय

चंद्रपूर शहराच्या परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत : जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा. गोंड राजांनी बांधलेल्या या परकोटाच्या आत इ. स. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. चांद्याचे राज्य घेणारे हे पुरुष म्हणजे पहिले रघूजी भोसले होत. पुढे मोठ्या वैभवास चढलेल्या या पुरुषाचे पूर्ववय मात्र फार हालअपेष्टांत गेले.

भोसल्यांचे हे घराणे मूळचे पुणे प्रांतातील हिंगणी-बेर्डीचे. रघूजींचे चुलत आजोबा परसोजी भोसले हे नामांकित सरदार होते. इ. स. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा त्यांच्या पक्षास प्रथम मिळालेल्या सरदारांत परसोजी होते. महाराजांनी त्यांस सेनासाहेब सुभा हा किताब दिला.

रघूजींचे वडील बिंबाजी वाईजवळ पांडववाडी येथे राहत. पुत्र व्हावा अशी त्यांची फार इच्छा होती. एका रामभक्त सत्पुरुषाच्या आशीर्वादाने पुत्र झाला, म्हणून त्याचे नाव रघूजी ठेवले, अशी आख्यायिका आहे. परंतु थोड्याच काळात बिंबाजी वारले. पोरक्या रघूजींना आई काशीबाई आणि आजी बायाबाई यांनी वाढविले.

वयात आल्यावर रघूजी वऱ्हाडात आले. परसोजींचे पुत्र कान्होजी हे तेव्हा भाम येथे राहून कारभार करीत. कान्होजींना पुत्र नव्हता. त्यांनी या पुतण्याला पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. पुढे कान्होजींना रायाजी नावाचा पुत्र झाला आणि चुलत्यापुतण्यांत वितुष्ट आले. मूठभर स्वार बरोबर घेऊन रघूजींनी भाम सोडले. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याच्याकडे व नंतर एलिचपूरच्या नबाबाकडे त्यांनी चाकरी केली. अखेर ते साताऱ्यास गेले. तेथे त्यांचे शौर्य पाहून शाहू महाराजांची त्यांच्यावर मर्जी बसली. महाराजांनी आपल्या राणीच्या नात्यातील शिर्के घराण्याची मुलगी त्यांस देऊन त्यांचे लग्न लावून दिले.

इकडे कान्होजी महाराजांची आज्ञा मानीनासे झाले, हिशेबही देईनासे झाले. त्यांच्यावर चालून जाण्याची कामगिरी महाराजांनी रघूजींवरच सोपविली! ज्याच्या घरी अन्न खाल्ले, त्याच्यावरच शस्त्र उचलावयाचे होते. इ. स. १७३० च्या सुमारास वर्धा नदीच्या पलीकडे, वणीजवळ मंदर येथे चुलत्यापुतण्यांची गाठ पडली. कान्होजी पराभूत होऊन कैद झाले आणि त्यांचे उर्वरित आयुष्य साताऱ्यास बंदिवासात गेले. सेनासाहेब सुभा हे पद रघूजींकडे आले.

पुढे रघूजींनी नागपूर ही आपली राजधानी केली. त्यांच्या फौजा बंगालपर्यंत पोहोचल्या व ओरिसा त्यांच्या हाती आला. इ. स. १७५५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पोरक्या मुलाने स्वपराक्रमाने राज्य उभारले, हे खरे. पण त्या राज्याची पहिली पायरी चढताना त्यास आपल्याच आश्रयदात्याला बंदी करावे लागले, हेही विसरून चालणार नाही.