ओळखीचे सूर, अनोळखी नाव

पुण्यातील सदनिकेत असो वा मुळशी तालुक्यातील भरे गावच्या ओसरीवर, रेडिओवर 'अलबेला'चे गाणे लागले की ऐकणाऱ्याचा पाय आपसूक ताल धरतो. निवेदक चित्रपटाचे नाव सांगतो. गायक, गीतकार आणि संगीतकार यांचाही आदराने उल्लेख करतो. त्या गाण्यांना जॅझचा बाज देणाऱ्या वादकाचे नाव मात्र क्वचितच कानावर पडते. ते नाव म्हणजे चिक चॉकलेट.

त्यांचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. १९१६ मध्ये गोव्याच्या बार्देस तालुक्यातील हळदोणे येथे त्यांचा जन्म झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती. चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. ही विद्या हाताशी असली, तरी तिच्यावर पोट भरेल अशी संधी गावात नव्हती. त्यामुळे अनेक गोमंतकीय वादक मुंबईला येत आणि धोबी तलावाच्या परिसरातील आपापल्या गावच्या 'कुडा'त पथारी टाकत.

मुंबईत त्या काळी नवे वारे वाहत होते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वेदनेतून जन्मलेले ब्लूज आणि त्याचा हात धरून वाढलेले जॅझ मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकले. कागदावरचे स्वर बिनचूक वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांना या संगीताने आणखी एक गोष्ट शिकवली. ती म्हणजे उपज. ख्यालगायक बंदिशीच्या आधाराने राग फुलवतो, तसा जॅझवादक मूळ धून घेऊन आपल्या मनाने विस्तार करतो. म्हणूनच जॅझमध्ये वादकाच्या नावाला मोल असते.

चिक यांचे दैवत होते लुई आर्मस्ट्राँग. त्यांची वाजवण्याची धाटणी, खरखरीत आवाजात गाण्याची लकब चिक यांनी इतकी आत्मसात केली, की त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाऊ लागले. चाळीसच्या दशकात ताजच्या नृत्यदालनात स्वतःचा वाद्यवृंद घेऊन ते वाजवू लागले. तिथे श्रोते त्यांच्या नावासाठी येत.

पुढे परिस्थिती पालटली. १९४७ नंतर इंग्रज साहेब मायदेशी परतले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतील रात्रींचा रंग ओसरला. वादकांना हिंदी चित्रपटसृष्टीचा आधार वाटू लागला. तिथेच चिक यांची सांगड सी. रामचंद्र यांच्याशी पडली. पुणतांब्यात जन्मलेल्या, विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय संगीत शिकलेल्या या मराठी संगीतकाराला परक्या तालांचे विलक्षण आकर्षण होते. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांच्या नाचाला या जोडीने जी लय दिली, तिने देश नादावला. त्या चित्रपटात चिक आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही झळकले. त्याच वर्षीच्या 'नादान'चे संगीतही त्यांच्या नावावर आहे.

तथापि, या यशाला दुसरी बाजू होती. संगीतकार चाल बांधी. तिचे स्वरलेखन करणे, कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे हे ठरवणे, ही कामे बहुतांशी गोमंतकीय वादक करीत. तबकडीवर मात्र त्यांची नावे येत नसत. शिवाय तीन-चार मिनिटांच्या गाण्यात वादकाच्या वाट्याला येणार काही क्षणांचे तुकडे! उपजेला तिथे वाव कुठला? ताजमध्ये नावानिशी ओळखला जाणारा कलावंत स्टुडिओत अनेकांपैकी एक होऊन बसे. पोटासाठी केलेल्या या तडजोडीने हिंदी गाणे समृद्ध झाले, पण वादक अंधारात राहिला.

रेडिओचा वाटाही इथे लक्षात घ्यायला हवा. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. उडत्या चालीची ही गाणी अशा रीतीने घरोघर पोहोचली. सात समुद्रांपलीकडचे जॅझ, नावही ठाऊक नसलेल्या माणसांच्या ओठी रुळले.

मे १९६७ मध्ये, वयाच्या पन्नाशीतच, चिक चॉकलेट यांचे निधन झाले. स्टुडिओतील वादकांच्या कार्याची सविस्तर नोंद होण्यास पुढे चार दशके लागली. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' २००८ मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहल फॉक्सट्रॉट' २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा कुठे ही माणसे पडद्याआडून पुढे आली.

गाणे लावण्याआधी एक नाव अधिक घ्यायला निवेदकाला दोन सेकंदही लागणार नाहीत. हळदोण्याच्या त्या वादकाचे एवढे देणे आपण नक्कीच लागतो.